कल्पना सरोज: गोष्टीतून कर्ज आणि संघटना कुठे गायब होते?

कारंजालाडू
अकोला-वाशीम पट्ट्यात बचत गटांच्या बायकांसाठी मी उद्योगाची शिबिरं घेते. आमच्या छापील पुस्तिकेत उद्योजिका कल्पना सरोज यांची गोष्ट असतेच. असायलाच हवी, त्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या रोपरखेड्याच्या, म्हणजे घरच्याच. गोष्ट अशी: बाराव्या वर्षी लग्न, मुंबईच्या झोपडपट्टीत सासर, मारहाण, वडील जाऊन परत आणतात, गावाचे टोमणे, मग पुन्हा मुंबई आणि होजिअरीच्या कारखान्यात २ रुपये रोज. इथे पान उलटतं आणि एकदम कमानी ट्यूब्ज (कुर्ल्याचा बुडालेला कारखाना, जो त्यांनी चालवायला घेतला), २०१३ ची पद्मश्री, टाळ्या.

मधलं काय? मध्ये महात्मा फुले मागासवर्गीय विकास महामंडळाच्या योजनेतून मिळालेलं ५० हजारांचं कर्ज आहे, त्यातून काढलेलं फर्निचरचं दुकान आहे. आणि त्याच सुमाराची सुशिक्षित बेरोजगार युवक संघटना आहे. आपल्याला कर्ज मिळवताना जो त्रास झाला तो इतरांना होऊ नये म्हणून पोरांना योजना समजावून सांगायच्या, अर्ज भरून द्यायचे, हे संघटनेचं काम. पुस्तिकेत छळाला दीड पान, कर्जाला अर्धी ओळ, संघटनेला तीही नाही.

माझं मत असं की संघटना हेच त्यांचं खरं भांडवल होतं. कल्याणची वादात अडकलेली जमीन विकायला माणूस त्यांच्याकडे आला, कारण कल्पनाताई चार लोकांची कामं करतात हे त्याला ठाऊक होतं. २००० साली कमानीचे कामगार त्यांच्याच दारात का आले? तेही त्याचमुळे. आपण मात्र "आधी श्रीमंत झाल्या, मग समाजसेवा" असा क्रम लावून मोकळे होतो.

तुम्हाला काय वाटतं? शिबिरात ही गोष्ट कशी सांगावी? मागच्या वेळी एका बाईंनी विचारलं, "मॅडम, त्यांना जामीन कोण राहिलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चहाबिस्किट
जागा पकडून बसलो आहे. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

स्वयंभू_७७
लेख आवडला, मत पटलं नाही. महामंडळाचं कर्ज त्या काळात हजारोंनी घेतलं असेल. त्यातल्या किती जणांनी ११६ कोटींच्या कर्जात बुडालेली कंपनी अंगावर घेतली? फरक माणसात असतो. कर्ज, योजना, संघटना ही निमित्तं. आजकाल कुणी स्वतःच्या हिमतीवर वर आलं की लगेच "व्यवस्थेचा हातभार" शोधायला धावायचं, ही फॅशन झाली आहे.

सुईदोरा
स्वयंभू, हिंमत कुणी नाकारलेली नाही. धागा आहे गाळलेल्या भागाबद्दल.

मी तयार कपड्यांच्या कारखान्यात काम केलं आहे म्हणून त्या "२ रुपये रोज" बद्दल लिहिते. तो पगार शिलाईचा नव्हे, दोरे कापायचा. त्यांनीच मुलाखतीत सांगितलंय की शिवण येत होतं, पण पहिल्या दिवशी मोटारच्या मशिनवर बसल्यावर हातच चालेना, म्हणून दोरे कापायला बसवलं. ज्याने हे बघितलेलं नाही त्याला यात काय एवढं असं वाटेल. घरची पायमशीन आणि कारखान्यातली मोटारची मशीन यात जमीनअस्मानाचा फरक. पॅडलवर पाय जरा जड पडला की कापड सुईखालून पळतं, शिवण वाकडी आणि सुपरवायझर डोक्यावर. आमच्याकडे हेल्पर पोरी जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या मशिनवर चिंध्या शिवत बसायच्या. सरळ शिवण, मग गोल, मग कॉलर. कुणी शिकवत नाही, कारण जी शिकवेल तिचे पीस कमी होतात आणि पैसे पिसावर मिळतात. हेल्परची कारागीर होणं ही त्या मजल्यावरची सगळ्यात मोठी बढती. कल्पनाताईंनीही सुट्टीतच हात बसवला असं वाचलंय.

हे सांगा शिबिरात. बायकांना लगेच कळेल.

सहीशिक्का
राष्ट्रीयीकृत बँकेत होतो, आता निवृत्त. विदर्भात आणि ठाणे जिल्ह्यात दोन्हीकडे नोकरी झाली. जामिनाच्या प्रश्नावर येतो, आधी योजना नीट सांगतो.

महामंडळ १९७८ साली स्थापन झालं. माझ्या काळात त्यांच्या दोन योजना मुख्य होत्या. लहान प्रकल्पाला अनुदान, जास्तीत जास्त १० हजार, बाकी बँकेचं कर्ज. मोठ्या प्रकल्पाला बीजभांडवल: २० टक्के महामंडळ ४ टक्के व्याजाने देणार (अनुदान त्यातच), ५ टक्के अर्जदाराचे, ७५ टक्के बँकेचे. नीट बघा, मोठा वाटा बँकेचाच. म्हणजे महामंडळाने मंजुरीचं पत्र दिलं तरी खरी लढाई शाखेत. आणि शाखेत काय चालायचं ते आता सांगायला हरकत नाही. एप्रिल ते डिसेंबर फाइल टेबलावर, जानेवारीत वरून फोन, मार्चमध्ये उद्दिष्ट पुरं करण्यासाठी धडाधड मंजुरी. ज्याने कोटेशन जपून ठेवलंय, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला ताजा ठेवलाय, तो मार्चमध्ये तरला. बाकीचे "कागद अपूर्ण".

त्यामुळे कारंजालाडू यांचं म्हणणं मला पटतं. अर्ज भरून देणारी, फाइल कुठे अडली ते विचारायला चार पोरं बरोबर घेऊन येणारी संघटना असेल तर मॅनेजर फाइल दाबत नाही. एकट्या बाईची फाइल सहज दाबली जाते.

पांढरा_कागद
मार्च महिन्याचा महिमा! आमच्या गावात म्हशी मार्चमध्येच का घेतल्या जायच्या ते आज कळलं.

मोर्णाकाठ
म्या मूर्तिजापूरकडचाच. गोष्टीत गावाले लय वाईट दाखवते बा, पण टोमणे मारणारे होते हेही खरंच आहे. नवरा सोडून आलेल्या पोरीले आजही काय कमी बोलते का लोकं?

कल्पनाताईंचे वडील पोलिसात हवालदार होते, हे कोणी लिहिलं नाही. म्हंजे घरात दर महिन्याले पगार येत होता. पण पगार असून बी शाळेत वेगळं बसणं, दुसऱ्याच्या घरात पाय ठेवायची चोरी, हे सुटलं नाही. "गरिबी" म्हटलं की लोकाइले फाटके कपडे दिसते फक्त. जात नाही दिसत.

शकुंतला_एक्सप्रेस
मोर्णाकाठ +१.
अवांतर: मूर्तिजापूर म्हटलं की मला आमची शकुंतला रेल्वे आठवते. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, तीन फूटही नाही अशी अरुंद पट्टी. आजोबा म्हणायचे, चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडावीत आणि पुन्हा चढावं.

पांढरा_कागद
बोरं तोडून पुन्हा चढलेला एकतरी इसम दाखवा, मी पद्मश्रीसाठी शिफारस करतो.

कुर्ला_लोकल
आता कमानीबद्दल, कारण इथे सगळे "बुडालेली कंपनी घेतली" एवढ्यावर थांबतायत. आमचं बालपण कुर्ल्यात त्या कारखान्याच्या भोंग्यावर गेलं.

१९६० साली रामजीभाई कमानींनी सुरू केलेला कारखाना. तांब्या-पितळेच्या नळ्या. पुढे घराण्यात भांडणं, ऐंशीच्या दशकात टाळं. मग जे झालं ते देशात गाजलं: कामगारांनी सहकारी संस्था काढून कंपनी चालवायला मागितली आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजना मान्य केली. लोकांनी स्वतःचे पैसे घातले. ज्यांचे काका-मामा तिथे होते त्यांच्या घरात तेव्हा पेढे वाटले होते. पण नव्वदच्या दशकातच कंपनी पुन्हा आजारी. कारणांवर आजही कुर्ल्यात दोन माणसांत तीन मतं पडतील. खेळतं भांडवल नव्हतं, तांब्याचे भाव वर-खाली, बँका हात आखडून, आणि मालक कोण, साहेब कोण, हे कुणालाच कळेना.

म्हणजे २००० साली जे कामगार कल्याणला कल्पनाताईंकडे गेले ते हात पसरणारे बापुडे नव्हते. बारा वर्षांपूर्वी त्यांनी कंपनी कोर्टातून मिळवली होती आणि नंतर ती हातची गेली होती. हा भाग गाळला की कल्पना सरोज देवीसारख्या अवतरतात आणि कामगार नुसते रडत उभे असतात. मला त्याचाच राग येतो.

कारंजालाडू
कुर्ला_लोकल, हे मला असं ठाऊक नव्हतं. १९८८ चा निकाल पुस्तिकेत घालते.

स्वयंभू_७७
बरं, पण मग माझाच मुद्दा सिद्ध झाला की! कामगारांकडे संघटना होती, कोर्टाचा निकाल होता, तरी कंपनी पुन्हा बसली. उभी केली ती एका माणसाने.

कुर्ला_लोकल
एका माणसाने, आणि बीआयएफआरने. आजारी उद्योगांसाठीचं ते मंडळ तेव्हा होतं म्हणून बँकांना एका टेबलाभोवती बसवता आलं. दंड आणि व्याज माफ झालं, मुद्दलातही सूट मिळाली. २००६ मध्ये कंपनी रीतसर त्यांच्या ताब्यात आली. त्यांच्या मुलाखतींत येतं की कामगारांची देणी फेडायला तीन वर्षांची मुदत होती आणि ती त्यांनी काही महिन्यांत दिली. ही मात्र शंभर टक्के त्यांची हिंमत, तिथे मी टोपी काढतो. कुर्ल्यात "जुने पैसे मिळाले" हे वाक्य किती दुर्मिळ आहे ते गिरणीवाल्यांना विचारा.

ते मंडळही २०१६ मध्ये बंद झालं, आता दिवाळखोरी कायद्याखाली वेगळी व्यवस्था आहे. उद्या दुसरी कल्पना सरोज आली तर तिला रस्ता वेगळा.

सहीशिक्का
दंडव्याज माफ करून घेणं "सोपं" वाटत असेल तर सांगतो. बँकेला मरणाऱ्या कंपनीकडून काहीच मिळणार नसतं. समोरचा माणूस "चालू केली तर मुद्दल तरी देते" असं आकडे मांडून सांगू शकला तर बँक ऐकते. पण तो माणूस ऐकण्याजोगा वाटायला हवा. कल्पनाताईंनी कल्याणच्या त्या जमिनीवर बांधकाम करून दाखवलेलं होतं, म्हणून ऐकलं असणार. फर्निचरच्या दुकानातून थेट गेल्या असत्या तर शिपायाने आत सोडलं नसतं.

फुटकी_छत्री
सगळे आरती ओवाळतायत तर मी जरा काडी टाकतो. संस्था आणि धंदा एकाच हातात असणं मला पटत नाही. आमच्या तालुक्यात एक "समाजसेवक" आहेत. संस्थेच्या नावाने जागा, त्या जागेत त्यांचाच प्रकल्प, प्रकल्पात मेहुणा मॅनेजर. लोकांची कामं करून दिलेली ओळख धंद्यात वापरायची, म्हणजे सेवेचं भांडवलच झालं ना? धागाकर्तीने "संघटना हेच भांडवल" हे कौतुकाने लिहिलंय. मला तीच गोष्ट खटकते.

ताळेबंद
फुटकी_छत्री, प्रश्न रास्त आहे, पण दोन गोष्टी एकत्र होतायत. (सनदी लेखापाल आहे, न्यासांची हिशेबतपासणी करतो.)

संस्थेचा पैसा किंवा मालमत्ता विश्वस्ताच्या खिशात, त्याच्या नातेवाइकाच्या खिशात, किंवा त्याच्या कंपनीत जाता कामा नये. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय न्यासाची जमीन विकता येत नाही, आणि आयकर खात्याने असा लाभ पकडला तर करसवलत हातची जाते. तुमच्या मेहुण्याची केस इथे बसते. पण ओळख, पत, विश्वास हा काही न्यासाच्या ताळेबंदात येत नाही. लोकांचं काम केलंय म्हणून लोक तुमच्याशी व्यवहार करतात, यात गैर काय? गैर तेव्हा, जेव्हा अर्ज भरून द्यायचे पैसे घेतले जातात किंवा जमिनीचा व्यवहार करेल त्याचाच अर्ज पुढे सरकतो.

शिबिरात पहिल्या दिवसापासून दोन वह्या, दोन खाती असं सांगा. गटाच्या पेटीतून स्वतःच्या दुकानाला "चार दिवसांसाठी" घेतलेले पैसे, ९० टक्के भांडणांचं मूळ. (९० हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, सर्वेक्षणाचा नाही.)

फुटकी_छत्री
"लोकांनी व्यवहार करणं" आणि "लोकांना नाही म्हणता न येणं" यात फरक असतो एवढंच म्हणतो. असो. वह्यांचं पटलं.

वाळवणाची_गच्ची
गिरगावातून हजेरी. संस्था आणि धंदा वेगळेच असले पाहिजेत असं म्हणणाऱ्यांनी लिज्जतकडे बघावं. १५ मार्च १९५९, गिरगावातली एक गच्ची, सात बायका आणि ८० रुपये उसने. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. आज कोट्यवधींचा व्यवहार, पण कंपनी कुणा एकीची नाही. लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण, नफा-तोटा सगळ्यांत वाटायचा. १९६६ मध्ये सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी झाली, त्याच वर्षी खादी ग्रामोद्योग आयोगाने ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली आणि खेळतं भांडवल दिलं. सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

माझी आजी लाटायची. सकाळी पीठ मोजून घ्यायचं, घरी लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड मोजून द्यायचे, लाटणावळ हातात. एक जरी जाड लाटला गेला तरी परत. घरी जागा स्वच्छ आहे का ते बघायला बाई यायची, आणि ती येणार म्हटलं की आजी आम्हा पोरांना जिन्यात हाकलायची.

ते ८० रुपये देणारे छगनलाल पारेख गोष्टीत कायम आहेत बघा. तिथे कर्ज गाळलेलं नाही.

चहाबिस्किट
कारण ८० रुपये गोड वाटतात. ५० हजार म्हटलं की लोक "सरकारी" म्हणून नाक मुरडतात, त्यात "मागासवर्गीय" महामंडळ असेल तर विचारूच नका.

सुईदोरा
चहाबिस्किट, नेमकं! उसनवारी ही माणुसकी आणि महामंडळ ही "सवलत". स्वयंभू, यावर काय म्हणता?

स्वयंभू_७७
सवलत हा शब्द मी वापरलेला नाही, माझ्या तोंडी घालू नका. पण ठीक आहे, पुस्तिकेतून महामंडळाचं नाव गाळण्यामागे हे कारण असू शकतं, हे मान्य. तरी मूळ मुद्दा सोडत नाही: शिबिरातल्या बाईला आधी "मला जमेल" वाटलं पाहिजे. नियम आणि टक्केवारी पहिल्या तासात सांगितली तर दुसऱ्या तासाला निम्मी खोली रिकामी.

माणदेशी_मेंढका
"मला जमेल" कसं वाटतं त्यावर आमच्या म्हसवडचं सांगतो. माणदेशी महिला बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने आधी नाकारला होता. कारण काय, तर प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नाही, अर्जावर अंगठे. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा सांगतात की बायका खचल्या नाहीत, महिनोन्महिने लिहायला शिकल्या, आणि मुंबईला जाऊन साहेबांना म्हणाल्या, आम्हाला तोंडी व्याज काढायला सांगा आणि तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटर द्या, बघू कोण आधी सांगतंय. १९९७ मध्ये बँक सुरू झाली.

चेतनाताई स्वतः गरिबीतून आलेल्या नाहीत, त्या मुंबईच्या. पण बँकेची गरज सांगणारी बाई होती रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणारी. पावसाळ्याआधी पालावर टाकायला प्लॅस्टिक घ्यायचं म्हणून तिला पैसे साठवायचे होते आणि कुठलीच बँक तिचं खातं उघडेना. म्हणजे स्वयंभूंच्या भाषेत "हिंमत" त्या बायकांकडे होतीच. नव्हतं ते खातं.

आणि ते व्याजाचं खोटं वाटत असेल त्यांनी म्हसवडच्या बाजारात शेळीचा सौदा बघावा.

निळी_शाई
वाचतेय केव्हाची, आता राहवलं नाही. माझ्या भावाने महामंडळाच्या योजनेतून झेरॉक्सच्या दुकानासाठी अर्ज केला होता. कार्यालयाबाहेर एक जण भेटला, म्हणाला फाइल "चालवायची" असेल तर इतके. भावाने दिले नाहीत. फाइल चाललीही नाही. शेवटी आईच्या बांगड्या मोडून सेकंडहँड मशीन घेतली. दुकान आजही चालू आहे, छान चालू आहे. पण त्याच्यावर कुणी लेख लिहिला तर "कुणाच्याही मदतीशिवाय" असं छापतील आणि त्याला त्याचा अभिमान वाटेल. मला वाटत नाही. बांगड्या माझ्याही लग्नाच्या होत्या.

कल्पनाताईंनीही असे दलाल पाहिलेत म्हणूनच संघटना काढली असणार. आमच्या तालुक्यात अशी संघटना असती तर बरं झालं असतं, एवढंच.

कारंजालाडू
निळी_शाई, तुमचा प्रतिसाद परवानगी असेल तर नाव न घेता शिबिरात वाचून दाखवेन.

बाकी सगळ्यांचं वाचून असं ठरवलंय: सुरुवात सुईदोरांच्या दोरे कापण्यापासून. छळ दोन वाक्यांत. मग कर्ज, मग संघटना, मग कमानी, १९८८ सकट. आणि गोष्ट संपल्यावर टाळ्यांऐवजी खराखुरा कोरा अर्ज हातात देऊन तिथेच भरायला बसवायचं. स्वयंभू, पहिल्या तासात टक्केवारी नाही, शब्द देते.

पण जामिनाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. सहीशिक्का?

सहीशिक्का
हो, राहिलंच. आमच्या काळी दोन जामीनदार लागायचे, त्यातला एक पगारदार असला तर उत्तम. गरीब माणसाच्या ओळखीत पगारदार कुठून येणार? म्हणून बहुतेक जण मास्तर, ग्रामसेवक यांच्या मागे लागायचे आणि ते टाळायचे.

आता परिस्थिती बदलली आहे. मुद्रा योजना २०१५ ची, १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण किंवा तिऱ्हाईत जामीनदार मागायचा नाही असा नियम आहे. शाखा तरी मागतात, तेव्हा "लेखी द्या" म्हणायचं, ओरडायचं नाही. १० लाख ते १ कोटींसाठी स्टँड-अप इंडिया होती, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठी, २०१६ मध्ये सुरू झालेली; तिची मुदत मार्च २०२५ पर्यंत होती. आता तिच्या जागी काय आहे ते शाखेत विचारून घ्या. बचत गटाच्या कर्जाला गटच एकमेकींना बांधील असतो, तिथे वेगळा जामीन नाही.

आणि कोटेशन घेताना दुकानदाराचा जीएसटी क्रमांक आणि तारीख बघून घ्या. निम्मे अर्ज तिथेच परत जातात.

पांढरा_कागद
ग्रामसेवक टाळायचे यावर एक स्वतंत्र धागा होऊन जाऊ दे. मी मास्तरचा मुलगा आहे, आमच्या घरी मागच्या दाराचा उपयोग त्यासाठीच व्हायचा.

मोर्णाकाठ
शिबिर मूर्तिजापुरात कधी हाय ताई? बायको अन् वहिनी दोघी येते म्हणते. वहिनीचं म्हणणं, अर्ज तिथंच भरून देत असाल तर आधार कार्डाची झेरॉक्स किती आणायची ते सांगा.

कारंजालाडू
तीन आणा. आणि जातीचा दाखला असेल तर मूळ प्रतही, फक्त दाखवायला, कुणाच्या हातात देऊ नका.